वजनाची पावती मोबाईलवर आली, ती वाचणार कोण?

– ऊस विकास अधिकारी



उसाची लागण केल्यापासून शेवटचे बिल हातात पडेपर्यंत एका सभासदाला किती कागद हाताळावे लागतात, याचा हिशोब आपण कधी केला आहे काय? सातबारा आणि आठ-अ चा उतारा, ऊस नोंदीचा फॉर्म, पीक कर्जाचे कागद, ठिबकाच्या अनुदानाचा अर्ज, तोडणीची चिठ्ठी, काट्यावरची वजन पावती, बिलाचा तक्ता आणि बँकेचे पासबुक. पूर्वी हे सगळे कागद घरातल्या ट्रंकेत नाहीतर खुंटीला टांगलेल्या पिशवीत असत. ज्याला वाचता येत नसे तो शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घेई. पावती हरवली तर चिटबॉयच्या मागे फिरावे लागे, गट ऑफिसला हेलपाटे पडत. पण कागद डोळ्यांना दिसत होता, हाताला लागत होता.

गेल्या काही वर्षांत यातले बहुतेक कागद मोबाईलमध्ये जाऊन बसले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोटो काढून करावयाची झाली. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप काढले. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये मिळायचे तर ई-केवायसी करावी लागते. ठिबकाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, आणि २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागू लागला. उसाचे वजन मेसेजने येते, बिल परस्पर बँकेत जमा होते.

हे सर्व सोयीचेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की मेसेज आला तर तो वाचणार कोण? सभासद स्वतः, की ज्याच्या खिशात मोबाईल आहे तो? याच प्रश्नाचा या लेखात विचार करावयाचा आहे.

सही येते, मेसेज वाचता येत नाही

आपल्या भागाला प्रौढ शिक्षणाची चळवळ नवी नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. रात्री कंदिलाच्या उजेडात प्राथमिक शिक्षक गावातल्या थोरामोठ्यांना अक्षरओळख करून देत. गावाने एकजुटीने साक्षर व्हायचे आणि मग गावाचा गौरव समारंभ करायचा, अशी ती पद्धत होती. अंगठे बहाद्दर म्हणून ज्यांची चेष्टा व्हायची ती माणसे त्या काळात सही करायला शिकली. सहकारी सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या शेअरच्या अर्जांवर अंगठ्याऐवजी सह्या दिसू लागल्या, त्यात या मोहिमेचा वाटा मोठा होता.

पण त्या मोहिमेचा दुसरा धडाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. समारंभ झाला, हारतुरे झाले, आणि पुढे वाचायला काही नव्हते. ज्यांना रोजच्या व्यवहारात अक्षराची गरज पडली नाही, त्यातले बरेच जण चार-दोन वर्षांत शिकलेले विसरून गेले. सही तेवढी हाताला राहिली. पाणी न दिलेल्या लागणीसारखी ही गत झाली. उगवण चांगली झाली, पण फुटवा नाही.

मोबाईलच्या शिक्षणाचेही असेच होण्याचा धोका आहे. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. गाणी लागतात, कीर्तन लागते, मुंबईच्या लेकीचा चेहरा दिसतो. म्हणून घर मोबाईल-साक्षर झाले असे आपण धरून चालतो. परंतु स्वतःच्या उसाच्या वजनाचा मेसेज शोधून काढणे, तो समजणे आणि त्यात चूक दिसली तर कोणाला विचारायचे हे कळणे, ही वेगळी गोष्ट आहे. ती आपोआप येत नाही, शिकावी लागते.

वारणेने काय शिकवले

या बाबतीत आपल्या साखर धंद्याजवळ स्वतःचा अनुभव आहे, आणि तोही आज पाव शतकाहून जुना. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून तो उभा केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे बसवली गेली. ज्या काळात आपल्याकडे फोनची घंटा वाजली तरी सगळी गल्ली गोळा होई, त्या काळात तिथल्या शेतकऱ्याला गावातच उसाच्या वजनाची, तोडणीची आणि खताची माहिती मिळू लागली. कारखान्याच्या ऑफिसपर्यंतचा हेलपाटा वाचला. ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र पुढे काय झाले, ते पाहिले पाहिजे. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण अशा पुष्कळ गोष्टी त्या केंद्रांतून मिळाव्यात असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या कामासाठी होत राहिला. ज्याचा खिशाशी संबंध तेवढेच माणूस विचारतो, हा त्याचा अर्थ. दुसरे म्हणजे संगणक चालवायचा तो केंद्रचालकाने. सभासद टेबलाच्या अलीकडे उभा, चालक पलीकडे. माहिती गावात आली, पण सभासदाच्या हातात आली नाही.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील मंडळींनी तिथे एक प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या मेसेजने तेच काम करून पाहिले. २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारे सर्व काम मेसेजवर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले, असे त्यात आढळले. तेव्हाचे मोबाईल बटणांचे होते, त्यावर ना चित्र ना नकाशा. तरी ते लोकांना आवडले, कारण काम गरजेचे होते आणि साधन ओळखीचे होते. आज आपण मोठमोठ्या ॲपच्या मागे लागण्याआधी हा धडा आठवावा.

वीस तासांचे शिक्षण

सरकारी पातळीवरही बरेच काम झाले आहे. आपल्या राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम आहे. नोकरी शोधणाऱ्या तरुण मुलामुलींनी तो मोठ्या संख्येने केला. ग्रामीण भागासाठी २०१७ साली ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान’ सुरू झाले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका माणसाला शिकवायचे, वय १४ ते ६०, आणि शिक्षण २० तासांचे, असे त्याचे स्वरूप होते. ३१ मार्च २०२४ रोजी ते संपले तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांचे प्रशिक्षण झाल्याची नोंद होती.

आकडा मोठा आहे आणि त्यामागची मेहनतही मोठी आहे. पण आपल्या सभासदांच्या दृष्टीने त्यात दोन त्रुटी राहिल्या. घरटी एकच माणूस घ्यायचा म्हटल्यावर साहजिकच घरातला कॉलेजचा पोरगा पुढे झाला, म्हणजे ज्याला आधीच येत होते तोच पुन्हा शिकला. आणि साठीची मर्यादा घातल्यामुळे ज्यांच्या नावावर जमीन आणि शेअर आहेत अशी पुष्कळशी माणसे बाहेर राहिली. आपल्या कोणत्याही गटाची सभासद यादी डोळ्यांखालून घाला, साठी ओलांडलेली नावे किती आहेत ते दिसेल. ज्याचे खाते तोच वर्गाबाहेर, असा हा प्रकार झाला.

केरळातील एका पंचायतीची गोष्ट

याउलट केरळात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लमपारा नावाची पंचायत आहे. रोजगार हमीवर काम करणाऱ्या बाया मजुरी जमा झाली की नाही हे बघायला बँकेत जात आणि रांगेत उभे राहण्यात त्यांचा एक दिवस बुडत असे. मजुरी पाहण्यासाठी मजुरी बुडवायची! हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ठरवले की ही तपासणी बाईला तिच्या स्वतःच्या मोबाईलवर करता आली पाहिजे.

आधी घरोघर जाऊन कोणाला काय येते, काय येत नाही, याची पाहणी झाली. मग स्वयंसेवक तयार केले. त्यात विद्यार्थी होते आणि कुटुंबश्री या महिला गटांतल्या बायका होत्या. वर्ग शाळेत भरवून ‘या’ म्हणून निरोप धाडण्याऐवजी शिकवणारेच रोजगार हमीच्या कामावर आणि लोकांच्या दारात गेले. फोन लावणे, नंबर साठवणे, फोटो पाठवणे, गॅस नोंदवणे, बिल भरणे अशी रोजची कामे शिकवली आणि शेवटी प्रत्येकाला ती करता येतात का, हे तपासले. ३ हजारांहून अधिक लोक शिकल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये ही पंचायत संपूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली.

तोच नमुना पुढे साऱ्या केरळ राज्याने उचलला. राज्यभर पाहणी करून ज्यांना येत नाही असे सुमारे २२ लाख लोक शोधले. वयाला वरची मर्यादा ठेवली नाही, नव्वदी ओलांडलेली माणसेही शिकली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळ संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. १९९१ साली संपूर्ण साक्षरतेतही तेच राज्य पुढे होते.

आपण केरळ नाही हे मान्य. पण आपल्याकडे गट आहेत, गट ऑफिस आहे, गावोगाव फिरणारे शेतकी मदतनीस आहेत, दूध संस्था आहे, सोसायटी आहे, बचत गट आहेत. म्हणजे जी घडी तिथे मुद्दाम बसवावी लागली, ती इथे सहकारामुळे आयती बसलेली आहे.

आजी, सून आणि नात

‘आता या वयात काय शिकायचं?’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. त्याला उत्तर ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाने दिले आहे. २०१६ साली महिला दिनी, ८ मार्चला, तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत बसल्या. सगळ्या देशात त्या शाळेचे नाव झाले. साठ-सत्तर वर्षे खुरपे धरलेल्या हाताला पाटी धरता येते, तर मोबाईल का धरता येऊ नये?

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनविषयी विचारले होते. फोन वापरता येतो असे सांगणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुले ४३.७ टक्के होती, तर मुली १९.८ टक्के. नातीची ही अवस्था, तर आजीची आणि सुनेची काय असेल, याची कल्पना करावी.

आपल्या सभासद यादीत महिलांची नावे पुष्कळ आहेत. कोणाच्या नावे वारसाने जमीन आली, कोणाच्या नावे घरच्यांनी शेअर घेतला. पण नोंदीच्या वेळी मोबाईल नंबर कोणाचा लिहिला जातो? नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा, नाहीतर पुतण्याचा. तिच्या उसाचे वजन, तिच्या बिलाची रक्कम, तिच्या बँकेचा ओटीपी, सगळे दुसऱ्याच्या खिशात.

एका गटात नोंदी तपासताना अशाच एका वयस्क सभासद मावशींशी बोलणे झाले. नवरा वारलेला, एक एकर ऊस, बिल त्यांच्याच खात्यावर. नंबर मात्र पुतण्याचा. मी विचारले, “मावशी, मागल्या हंगामात टनेज किती भरलं होतं?” त्या म्हणाल्या, “मला काय ठावं साहेब? पुतण्या सांगंल तेवढंच माझं टनेज.” पुतण्या वाईट आहे असे नव्हे. तोच पाणी पाजतो, तोच तोडणीच्या मागे फिरतो. परंतु आपल्या मालाचे वजन आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागते, ही गोष्ट मावशींना आतून लागलेली दिसली. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. तोच नंबर नोंदीला आणि बँकेला लावून घेतला. शेजारच्या सातवीतल्या मुलीने त्यांना आकडे शिकवले. पुढच्या हंगामात पहिल्या खेपेचा मेसेज आला तेव्हा त्यांनी तो स्वतः वाचला आणि पुतण्याला सांगितला. “आवंदा मीच त्याला सांगितलं, किती भरलं ते,” असे त्या चार बायकांत सांगत होत्या. घरात भांडण झाले नाही, उलट पुतण्याची एक जबाबदारी कमी झाली.

शिकवावे कसे?

प्रौढ माणसाला शिकवणे आणि पोराला शिकवणे यात फरक आहे. पोर चुकले तर हसते आणि पुन्हा दाबते. प्रौढ माणूस चुकला तर लाजतो आणि फोन खाली ठेवतो. “उगं कायतरी दाबलं जाईल आन् पैसं जातील,” ही भीती खरी आहे, तिची टिंगल करू नये. गटात काम करताना जे दिसले त्यावरून काही गोष्टी इथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, शिकणाऱ्याचा स्वतःचा फोन त्याच्याच हातात पाहिजे. शिकवणाऱ्याने फोन ओढून घेऊन “हे बघा, असं करायचं” म्हणून दाखवले की शिक्षण संपले. बोट शिकणाऱ्याचेच चालले पाहिजे, मग वेळ लागला तरी चालेल. आपला हात जगन्नाथ म्हणतात तो इथे.

दुसरी गोष्ट, आकड्यांची. आपल्या जुन्या माणसांना मराठी आकडे येतात, फोनवर मात्र इंग्रजी आकडे असतात. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठासारखा. म्हणजे ज्याला मराठी आकडे चांगले येतात तोच इथे फसतो. म्हणून पहिला अर्धा तास इंग्रजी आकड्यांना द्यावा. कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून तो कागद घरात भिंतीला लावावा.

तिसरी गोष्ट, डोळ्यांची. फोनमध्ये अक्षर मोठे करण्याची सोय असते, ती आधी करून द्यावी. चष्मा नसेल तर आधी चष्मा, मग धडा. निम्मी ‘मला येत नाही’ ही तक्रार वास्तविक ‘मला दिसत नाही’ अशी असते. बोटे राठ झालेली असली किंवा हात ओले असले तर पडदा नीट चालत नाही, हेही सांगून ठेवावे. म्हणजे माणूस स्वतःला दोष देत नाही.

चौथी गोष्ट, बोलून काम करण्याची सोय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना फोनवर मराठीत बोलले की अक्षरे उमटतात हे दाखवावे. ही सोय पाहिली की म्हाताऱ्या माणसाचा चेहरा खुलतो आणि भीती निम्मी होते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एका दिवसात सगळे शिकवू नये. पी हळद अन् हो गोरी असे इथे चालत नाही. एका बैठकीला एकच काम, आणि पुढच्या आठवड्यात तेच काम पुन्हा करून घ्यायचे. उसाला सगळे खत एकदम घालत नाही, हप्त्याने घालतो, तसेच हे आहे.

काय शिकवावे?

धडे सभासदाच्या गरजेच्या क्रमाने असावेत. आमच्या मते पुढील पाच धडे पुरेसे आहेत.

१) माझा नंबर कोठे कोठे नोंदला आहे? कारखान्याची ऊस नोंद, बँक, सोसायटी आणि आधार या चार ठिकाणी कोणता नंबर आहे हे प्रत्येकाने तपासावे. नंबर बदलला असेल, सिम बंद पडले असेल, तर आधी दुरुस्ती करावी. हा धडा नसेल तर पुढचे सगळे फुकट.

२) नोंदीचा आणि वजनाचा मेसेज. नोंदीत गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारीख बरोबर आहे का, हे पाहावे. तोडणीचा प्रोग्रॅम लागण तारखेवर बसतो, तारीख चुकली तर पाळी चुकते. वजनात टिंबाकडे लक्ष द्यावे. १२.०५० म्हणजे बारा टन पन्नास किलो, बारा टन पाचशे किलो नव्हे. १२.५ म्हणजे मात्र बारा टन पाचशे किलो. हा हिशोब एकदा समजला की माणूस कायमचा शहाणा होतो. गाडी काट्यावर गेली त्या तारखेचे मेसेज पुसू नयेत, कारण ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे बिलाची १४ दिवसांची मुदत ऊस पोचल्यापासून मोजतात.

३) बँकेचा मेसेज. जमा कोणते आणि खर्च कोणते हे ओळखणे, खात्याचे शेवटचे आकडे जुळवणे, आणि सोसायटीची वसुली वजा होऊन हाती किती आले हे बिलाच्या तक्त्याशी ताडून पाहणे.

४) सातबारा आणि ई-पीक पाहणी. आपला उतारा मोबाईलवर पाहणे, आणि हंगामात मुदतीच्या आत आपल्या शेतात उभे राहून उसाची नोंद करणे. हे काम घरातल्या मुलांच्या मदतीने करावे, पण पाहणी झाली की नाही हे सभासदाने स्वतः बघावे.

५) फसवणुकीपासून बचाव. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे जरूर आहे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

बिलाचा पंधरवडा आला की सभासदांच्या खात्यात रक्कम येते, हे जसे आपल्याला माहीत असते तसे ते ठकांनाही माहीत असते. “तुमचं केवायसी संपलंय, खातं बंद पडेल,” असा फोन येतो. कोणी किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाईल धाडतो. ती उघडून फोनमध्ये बसवली की तुमचे मेसेज आणि ओटीपी त्याला दिसू लागतात. कोणी “तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका” म्हणतो. एखादा तर पोलिसांचा वेश घालून व्हिडिओ कॉल करतो आणि “तुम्हाला डिजिटल अटक केली आहे” म्हणून धमकावतो. अशी अटक कायद्यात कुठेच नाही.

चार गोष्टी घरात सगळ्यांनी पाठ कराव्यात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो देण्यासाठी. ओटीपी म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली, ती बँकेच्या माणसालाही सांगायची नाही. अनोळखी फाईल उघडायची नाही. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरला फोन करायचा आणि बँकेला कळवायचे. ठकाच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता आली तर ती परत मिळण्याची आशा असते, म्हणून तासाभराचा उशीरही महाग पडतो. “लोक काय म्हणतील” म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्याचेच नुकसान जास्त होते. अशा माणसाला घरच्यांनी आणि गावाने बोल लावू नये. चोरी झाली तर दोष चोराचा असतो.

तोडणी कामगारांना विसरू नये

आपला ऊस ज्यांच्या कोयत्यावर कारखान्याला जातो ती माणसे चार-पाच महिने आपल्या फडात राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, त्यातून फिटलेली रक्कम, रोजची टोळीची टने, हा हिशोब बहुतेकांना तोंडी सांगितला जातो. त्यांच्याकडेही आता फोन आहेत. संध्याकाळी खोपटांजवळ अर्धा तास बसून त्यांच्यातल्या नवरा-बायको दोघांना बँकेचा मेसेज वाचायला आणि आपल्या हिशोबाचा फोटो काढून ठेवायला शिकवले, तर ते त्यांच्या फार कामी येईल. कोयत्याने आणि राखेने बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे अंगठ्याच्या मशीनवर त्यांची अडचण होते. ओटीपी वाचता येणे त्यांना म्हणूनच अधिक गरजेचे आहे.

आता काय करावे

शेवटी कामाच्या काही सूचना करतो. बिगर हंगामात शेतकी विभागाच्या लोकांना थोडी सवड असते आणि सभासदही पावसाने घरी बसलेले असतात. या काळात प्रत्येक गट ऑफिसमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ या शिक्षणासाठी राखून ठेवता येईल. महिलांचा वर्ग वेगळा, त्यांच्या सोयीच्या दुपारच्या वेळी, बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्यावा. शिकवण्यासाठी गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पुढे करावे. पण आपल्या घरच्या आजोबांना शिकवायला दुसऱ्याच्या घरची मुलगी असलेली बरी. घरची पोरे लवकर वैतागतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

कारखान्याकडूनही दोन अपेक्षा मांडतो. सभासदांना जाणारा प्रत्येक मेसेज मराठीत आणि सुटसुटीत असावा. आणि ज्यांना शिकूनही जमत नाही, ज्यांच्याकडे फोन नाही, अशांसाठी कागदी पावती चालूच राहावी. शिक्षणाची सक्ती करून कोणाचा हक्क अडवला जाऊ नये.

सभासदांना विनंती एवढीच, की येत्या आठवड्यात गट ऑफिसला कामासाठी येताना घरातल्या ज्या माणसाच्या नावावर ऊस आहे त्याला सोबत आणावे आणि नोंदीला कोणाचा मोबाईल नंबर आहे हे पाहून घ्यावे. सासूबाई असोत, वडील असोत, विधवा भावजय असो, त्यांचा नंबर नसेल तर तो लावून घ्यावा. फॉर्म गट ऑफिसमध्येच मिळेल आणि भरायला शेतकी मदतनीस मदत करतील. येताना आधार कार्ड आणि ज्याचा नंबर लावायचा तो फोन बरोबर आणण्यास विसरू नये.